तीन हॅलिफॅक्स : युद्धकालीन विमानांची ओळख व त्यांचा जीर्णोद्धार

पोथ्या, सनदा व महजर यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांवर विमानाचें नांव पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु दुसरें महायुद्ध संपून ऐशीं वर्षें लोटलीं आहेत. त्या युद्धांतील यंत्रें आतां पुराणवस्तूंत जमा झालीं. त्यांचे संग्राहक आहेत, त्यांचा बाजार आहे, आणि जेथें बाजार आहे तेथें नकलेस अस्सलाचा भाव मिळविण्याचा मोहहि आहे. अस्सल कोणतें, दुरुस्त केलेलें कोणतें व नवें कोणतें, हा जो प्रश्न आमच्यापुढें कागदाच्या रूपानें येतो तोच तेथें अल्युमिनियमच्या पत्र्याच्या रूपानें उभा आहे. तो तेथें कसा सोडविला जातो हें पाहिल्यास आपल्या धंद्यांतील कांहीं दोषहि उघडे पडतात, म्हणून हा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

उदाहरणासाठीं आम्ही हॅलिफॅक्स नांवाचें एकच विमान निवडतों. हॅंडली पेज कंपनीनें आंखलेला हा चार इंजिनांचा ब्रिटिश बाँबर ता. २५ आक्टोबर १९३९ रोजीं प्रथम उडाला. पुढें निरनिराळ्या कारखान्यांत मिळून त्याच्या सहा हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. युद्ध संपतांच त्यांची किंमत भंगाराइतकी उरली, आणि इतक्या मोठ्या संख्येंतून एकहि प्रत धडपणें जपून ठेवण्याची बुद्धि कोणास झाली नाहीं. ज्या ग्रंथाच्या घरोघर प्रती होत्या त्याचीच एकहि शुद्ध प्रत पुढें सांपडूं नये, हा प्रकार संग्राहकांस अपरिचित नाहीं. विपुलता हीच पुष्कळदां नाशाचें कारण होते. आज संग्रहालयांत पूर्णाकृति रूपानें जीं हॅलिफॅक्स विमानें पाहावयास मिळतात तीं तीनच. एक लंडन येथें, एक यॉर्कशायरमधील एल्व्हिंग्टन येथें व एक कॅनडांतील ट्रेंटन येथें. त्यांतील दोन तळ्यांच्या तळांतून वर आलीं आहेत व तिसऱ्याचें धड कोंबड्यांच्या खुराड्यांतून आलेलें आहे. तिघांवर तीन वेगळे संस्कार झाले, आणि तुलनेला इतकी सोयीची सामग्री क्वचितच हातीं येते.

प्रथम ओळखीविषयीं दोन शब्द. ब्रिटिश सैन्यांतील प्रत्येक विमानास एक अनुक्रमांक असे व तो धडाच्या मागील भागावर रंगविलेला असे. हा अंक म्हणजे पोथीच्या वेष्टनावर लिहिलेलें नांव होय. वेष्टन बदलतें, रंग उडतो, कोणी नवा रंगहि देतो. तेव्हां त्यावर विसंबून चालत नाहीं. अधिक खात्रीचा पुरावा आंत असतो. प्रत्येक सुट्या भागावर आराखड्याचा क्रमांक व तपासनिसाचा बारीक ठसा उठविलेला असतो. स्पिटफायर विमानाचें कारखान्यांतील मूळ नांव ‘नमुना ३००’ असें होतें. त्यामुळें त्याच्या भागांचे क्रमांक ३०० या अंकांनीं सुरू होतात आणि चिखलांतून निघालेला वीतभर तुकडाहि आपलें कूळ सांगतो. इंजिनावर त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो. हा झाला वस्तूंतला पुरावा. दुसरा पुरावा दफ्तरांतला. विमान कोणत्या तारखेस कोणत्या तुकडीकडे गेलें हें ‘फॉर्म ७८’ नामक पत्रकावर नोंदलेलें असे, अपघाताची नोंद ‘फॉर्म ११८०’ वर होई, आणि तुकडीची रोजकीर्द ‘फॉर्म ५४०’ व ‘५४१’ या वह्यांत लिहिली जाई. वस्तूवरील ठसा व दफ्तरांतील नोंद हीं परस्परांशीं जुळलीं म्हणजेच ओळख पटली असें समजावें. तिसरा पुरावा गांवकऱ्यांच्या आठवणींचा. तो जागा दाखविण्यास फार उपयोगी पडतो, पण नांव ठरविण्यास पुरा पडत नाहीं. ब्रह्मदेशांत न उघडलेल्या पेट्यांतून स्पिटफायर विमानें पुरून ठेवलीं आहेत अशी आख्यायिका कित्येक वर्षें चालत होती. १९१३ च्या सुमारास वाळवींत गेलेल्या बखरीची आशा धरावी तशी लोकांनीं तिची आशा धरली. अखेर जानेवारी २०१३ मध्यें रंगूनच्या विमानतळावर प्रत्यक्ष खणून पाहिलें, तेव्हां कांहींहि निघालें नाहीं. दफ्तरांत एकहि आधार नसतां केवळ ऐकीव गोष्टींची बेरीज केली म्हणजे पुरावा होत नाहीं, हें येथें पुन्हा सिद्ध झालें.

आतां ओळख पटली तरी ती कशाची पटली हा प्रश्न राहतोच. स्पिटफायर पी ९३७४ ची गोष्ट घ्या. ता. २४ मे १९४० रोजीं पीटर कॅझेनोव्ह या वैमानिकानें तें कॅले येथील समुद्रकांठच्या वाळूंत उतरविलें. वाळूनें तें गिळलें, व चाळीस वर्षांनीं, १९८० मध्यें, पुन्हा वर दाखविलें. पुढें इंग्लंडांत डक्सफर्ड येथें त्याची उभारणी होऊन २०११ मध्यें तें उडालें आणि २०१५ च्या जुलैंत लिलांवांत एकतीस लाख पौंडांस विकलें गेलें. किंमतीचें धन धर्मादायाकडे गेलें हें स्तुत्यच. कामहि अत्यंत कसबी आहे. रिव्हेट ज्या पद्धतीचे १९४० च्या सुमारास वापरीत त्याच पद्धतीचे, उपकरणें त्याच काळचीं, असा कटाक्ष तेथें पाळला आहे. पण समुद्राच्या खाऱ्या वाळूंत चाळीस वर्षें राहिलेला पत्रा आकाशांत उडण्याच्या लायकीचा राहत नाहीं. म्हणून उडणाऱ्या या विमानाचा बहुतांश भाग नवा आहे. जुनें आहे तें नांव, वृत्तान्त व थोडे अवशेष. अशा रीतीनें एखाद्या पाटीभोंवतीं सगळें विमान नवें उभारून जुन्याचा अंक त्यास लावण्याचा प्रघात आज रूढ झाला आहे. आमच्याकडे एखाद्या सनदेचा शिक्का तेवढा अस्सल मिळाला, बाकीचा मजकूर दुसऱ्या पुराव्यांवरून नव्या कागदावर सुरेख मोडींत लिहून काढला, आणि तो कागद १७४० ची सनद म्हणून विकला, तर त्यास आपण काय म्हणूं? नव्या प्रतीबद्दल आमची तक्रार नाहीं. ती ऐकूं येते, उडते, आणि मर्लिन इंजिनाचा आवाज कोणत्याहि अवशेषास काढतां येणार नाहीं. तक्रार आहे ती नांवाबद्दल.

कोणी म्हणेल, देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगडन्‌दगड बदलतो, तरी देऊळ तेंच. खरें आहे, पण देवळाचें ऐक्य दगडांत नसून देवतेंत व अखंड चाललेल्या पूजेंत असतें. जें विमान पडलें, विसरलें गेलें व चाळीस वर्षांनीं सांपडलें त्याच्या बाबतींत असें अखंडत्व कोठें आहे? तेथें जो कांहीं पुरावा आहे तो धातूंतच आहे. धातु गेला कीं पुरावा गेला.

लंडनचें हॅलिफॅक्स डब्ल्यू १०४८ या दृष्टीनें पाहावें. लँकाशायरमध्यें इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यांत बांधलेलें हें विमान ३५ व्या तुकडीकडून ता. २७ एप्रिल १९४२ च्या रात्रीं स्कॉटलंडांतील किनलॉस येथून निघालें. नॉर्वेच्या खाडींत नांगरलेली जर्मन युद्धनौका टिर्पिट्झ हें त्याचें लक्ष्य होतें. तोफांचा मारा लागून आग भडकतांच वैमानिकानें तें हॉक्लिंगेन नांवाच्या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरविलें. सर्व माणसें वांचलीं. पाय दुखावलेला एक जण शत्रूच्या हातीं लागला व बाकीचे पायीं चालत स्वीडनमध्यें पोंचले. विमान मात्र बर्फ वितळतांच सुमारें नव्वद फूट खोल बुडालें. थंड व गोड्या पाण्यानें त्याचें रक्षण केलें. १९७३ मध्यें पाणबुड्यांनीं तें वर काढलें. प्रथम त्याचें संपूर्ण नूतनीकरण करावें असा विचार होता व नाकाकडील भागावर कांहीं काम झालेंहि. पुढें तो विचार सोडून देऊन १९८३ मध्यें हेंडन येथील संग्रहालयांत तें तळ्यांतून निघालें तशाच अवस्थेंत मांडण्यांत आलें.

प्रथमदर्शनीं हें दृश्य मनास खिन्न करितें. फाटलेला पत्रा, उघडे पडलेले सांगाडे, गंज. पुष्कळ प्रेक्षकांस तें अपुरें राहिलेलें काम वाटतें, व “याची दुरुस्ती केव्हां होणार?” असें ते विचारतात. आमच्या मतें येथें दुरुस्ती न करणें हेंच मोठें काम आहे. ज्यानें वाळवी लागलेली पोथी हाताळली आहे त्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. कारखान्यांतील कामगारानें रिव्हेट कोठें घाईनें ठोकले, आंतील पत्र्यास कोणता रंग दिला, मारा कोणत्या अंगानें लागला व आग कोठवर पोंचली, हें सगळें त्या फाटक्या अंगावर अद्यापि वाचतां येतें. पत्रा सरळ केला कीं तोफेची नोंद पुसली, नवा रंग दिला कीं जुन्या रंगाचा थर गेला. आज ज्या प्रश्नांचीं उत्तरें आपण त्या विमानाकडून मागतों तेवढेच प्रश्न आहेत असें थोडेंच आहे? पन्नास वर्षांनंतरचा संशोधक जें विचारील तें आज आपणांस सुचणारहि नाहीं. त्याच्यासाठीं साक्षीदार जिवंत ठेवला पाहिजे. नाकाकडील ज्या भागावर काम झालें आहे तो आज सर्वांत नीटनेटका दिसतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीनें तोच सर्वांत मुका आहे.

एल्व्हिंग्टनचें विमान अगदीं निराळ्या जातीचें. युद्धांत या विमानतळावर फ्रेंच तुकड्यांचीं हॅलिफॅक्स असत. आपल्या भूमीवर एक तरी हॅलिफॅक्स उभें असावें या इच्छेनें तेथील मंडळींनीं वर्षानुवर्षें खपून तें उभारलें. धडाचा भाग एचआर ७९२ या विमानाचा. तें जानेवारी १९४५ मध्यें स्टॉर्नोवे येथें अपघातांत सांपडलें व त्याचें धड लुईस बेटावरील एका शेतकऱ्यानें कोंबड्या कोंडण्यासाठीं घेतलें. पंख टीजी ५३६ या हेस्टिंग्ज जातीच्या विमानाचे. हेस्टिंग्ज हें त्याच हॅंडली पेज कंपनीचें नंतरचें मालवाहू विमान. हर्क्युलिस इंजिनें फ्रेंच हवाई दलाकडून मिळालीं. उरलेलें हातानें घडविलें. शुक्रवार ता. १३ सप्टेंबर १९९६ रोजीं तें लोकांपुढें आणलें, आणि वार व तारीख जुळवून त्याच्या एका अंगावर ‘फ्रायडे द थर्टींथ’ हें नांव लिहिलें.

हें नांव एलव्ही ९०७ या दुसऱ्याच हॅलिफॅक्सचें. अपशकुनी नांव मुद्दाम धारण करून त्या विमानानें १२८ मोहिमा पार पाडल्या व युद्धानंतर लंडनच्या ऑक्स्फर्ड स्ट्रीटवर तें लोकांस पाहावयास ठेवलें होतें. पुढें तेंहि भंगारांत गेलें. त्याच्या नाकावरील चित्राचा मूळ पत्रा तेवढा वांचला असून तो संग्रहालयांत सुरक्षित आहे. म्हणजे अस्सल चित्र एका ठिकाणीं, आणि त्याची नक्कल धारण करणारें विमान दुसऱ्या ठिकाणीं. शिवाय एचआर ७९२ हें दुसऱ्या आवृत्तीचें, मर्लिन इंजिनांचें; एलव्ही ९०७ तिसऱ्या आवृत्तीचें, हर्क्युलिस इंजिनांचें. दुसऱ्या शाखेच्या प्रतीचीं पानें घेऊन तिसऱ्या शाखेचा पाठ तयार करावा व त्यास चौथ्याच पोथीची पुष्पिका जोडावी, तसा हा प्रकार आहे. तरीहि या विमानास आम्ही बनावट म्हणणार नाहीं. कोणता भाग कोठून आणला हें संग्रहालय लपवीत नाहीं. जें मुळांतच उरलें नव्हतें तें त्यांनीं पाहण्याजोगें केलें. हॅलिफॅक्स केवढें होतें, त्याच्या पोटांत माणसें कशीं बसत, हें जिज्ञासूस येथें जितकें कळतें तितकें हेंडनच्या अवशेषावरून कळत नाहीं. त्या धडास स्वतःचा वृत्तान्त आहे: समुद्रावरील पहारा, अपघात व नंतर कोंबड्या. तो वृत्तान्त झांकून दुसऱ्याची कीर्ति अंगावर रंगविण्याची मात्र गरज नव्हती. एचआर ७९२ हा अंक त्या अंगावर दिसता तर विमानाची किंमत रतिभरहि कमी झाली नसती.

ट्रेंटनचें एनए ३३७ हें या दोहोंच्या मधलें. युद्ध संपण्यास पंधरा दिवस उरले असतां, एप्रिल १९४५ मध्यें, नॉर्वेंतील प्रतिकारकांस सामग्री टाकून परततांना तें म्योसा तळ्यांत पडलें. सहा जणांपैकीं शेपटीकडील एकटा गोलंदाज वांचला. सुमारें साडेसातशें फूट खोलीवर तें पन्नास वर्षें पडून होतें. १९९५ मध्यें तें वर आणून कॅनडास नेलें, आणि स्वयंसेवकांनीं दहा वर्षें खपून नोव्हेंबर २००५ मध्यें पूर्ण दुरुस्त स्वरूपांत मांडलें. येथें देह एकाच विमानाचा आहे व अंकहि त्याचाच आहे. नांवाचा दोष नाहीं. परंतु डब्ल्यू १०४८ प्रमाणें हीहि तळ्यानें जपलेली प्रत होती, आणि ती आज नव्या कोऱ्या रंगांत चकाकते. जुना पत्रा कोठें संपतो व नवा कोठें सुरू होतो हें पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं, आणि हीच त्या कारागिरांच्या कौशल्याची कसोटी मानली जाते. आम्हांस नेमका येथेंच मतभेद आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध केली, तींत जेथें पाठ निश्चित नव्हता तेथें संपादकांनीं त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली. तेवढ्या एका रेघेनें वाचकास सांगितलें कीं येथपर्यंत परंपरा बोलते व येथें आम्ही बोलतों. विमान दुरुस्त करणाऱ्यांनीं प्रत्येक नव्या भागावर तारखेचा लहानसा ठसा उठवावा, व कोणता भाग बदलला याची वही विमानासोबत राखावी. कांहीं संग्रहालयें असें करितातहि. ठसा प्रेक्षकास दिसण्याची गरज नाहीं, शोधणाऱ्यास सांपडावा म्हणजे झालें.

चौथ्या एका हॅलिफॅक्सची हकीकत येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. एलडब्ल्यू ६८२ हें विमान मे १९४४ मध्यें बेल्जममधील गेरार्ड्‌सबर्गनजवळ दलदलींत कोसळलें. आठांपैकीं तिघांचे देह चिखलांतच राहिले. १९९७ मध्यें तें खणून काढलें तेव्हां ते तिघे आपआपल्या जागीं सांपडले, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांच्या सोबत्यांशेजारीं त्यांचें सन्मानपूर्वक दफन झालें. उपयोगी भाग ट्रेंटनच्या दुरुस्तीस गेले. कामास न येणारें अल्युमिनियम वितळवून त्याच्या विटा पाडल्या, आणि त्यांतील धातु लंडनच्या ग्रीन पार्कमध्यें २०१२ सालीं उघडलेल्या बाँबर दलाच्या स्मारकाच्या छतास वापरला. भावनेच्या दृष्टीनें ही योजना उदात्त आहे. पण फाटक्या पत्रांचा लगदा करून त्याच्याच कागदावर त्या पत्रांच्या लेखकांचें चरित्र छापावें, तशी ती आम्हांस वाटते. ओळख ही केवळ संग्राहकाची चैन नसून कोणाच्या तरी घरीं इतकीं वर्षें रिकाम्या राहिलेल्या जागेचें उत्तर आहे, हें मात्र या विमानानें दाखविलें. ब्रिटनमध्यें १९८६ च्या कायद्यानें असे अवशेष परवानगीवांचून उकरण्यास मनाई आहे ती याच कारणास्तव योग्य होय.

जैसे थे ठेवण्याच्या पक्षावर एक आक्षेप येतो तो टाळून चालणार नाहीं. धातु स्वस्थ बसत नाहीं. खाऱ्या पाण्यांतला पत्रा बाहेरच्या हवेंत आला कीं त्याचा क्षय वेगानें होतो. जून २०१३ मध्यें गुडविन वाळूंतून जर्मन डॉर्नियर १७ जातीचें विमान वर काढलें, त्यास कॉसफर्ड येथें पाण्याच्या फवाऱ्यांत ठेवून लिंबांतल्याच सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणानें दीर्घकाळ धुवावें लागलें. तेव्हां ‘कांहीं न करणें’ हेंहि खर्चाचें व अक्कलहुशारीचें काम आहे. ज्यांस तें झेपत नसेल त्यांनीं अवशेष वर काढूंच नये. तळें हें वाईट भांडारगृह नाहीं.

आमच्या देशाशीं या विषयाचा जो खरा संबंध येतो तो लिबरेटर विमानांमुळें. उधार-पट्ट्यानें अमेरिकेकडून आलेलीं हीं चार इंजिनांचीं विमानें युद्धानंतर कानपूर येथें ब्रिटिशांनीं टाकून दिलीं, आणि कोणास वापरतां येऊं नयेत म्हणून मोडतोड करून टाकलीं. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनीं त्या मोडींतून चाळिसांच्या आसपास विमानें पुन्हा उडतीं केलीं. जमशेद मुन्शी या वैमानिकानें तीं एकामागून एक कानपूरहून बंगलोरास नेलीं. १९४८ पासून १९६८ पर्यंत तीं हिंदी हवाई दलांत होतीं. इतरत्र हीं विमानें केव्हांच नाहींशीं झालेलीं असल्यामुळें जगांतील संग्रहालयांनीं पुढें भारताकडे धांव घेतली. केएन ७५१ हें ब्रिटनला १९७४ मध्यें मिळालें. कॅनडानें एक लिबरेटर नेऊन मोबदल्यांत लायसँडर जातीचें विमान दिलें, तें दिल्लीस पालम येथील संग्रहालयांत आहे. दोन संग्राहकांनीं आपल्याजवळील दुबार पोथ्या बदलून घ्याव्या, तसा हा सौदा.

या विमानांच्या अंगावर तीन राज्यांचे तीन अंक आहेत: अमेरिकेचा, ब्रिटनचा व भारताचा. बंगलोरास केलेली दुरुस्ती मूळ यंत्रावरील प्रक्षेप म्हणून काढून टाकण्याजोगी नाहीं; ती नसती तर मूळच उरलें नसतें. असें असतां ब्रिटनचा केएच १९१ हा अंक धारण करून आलेलें व भारतांत वीस वर्षें राबलेलें एक लिबरेटर १९८४ मध्यें अमेरिकेंतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानानें घेतलें, खर्च व श्रम यांची पर्वा न करतां १९८९ मध्यें तें उडविलें, आणि मग त्यावर त्याचा कधींहि संबंध न आलेल्या अमेरिकन विमानांचीं नांवें एकामागून एक चढविलीं. २००५ पासून तें ‘विचक्राफ्ट’ म्हणून इंग्लंडहून जर्मनीवर गेलेल्या दुसऱ्याच एका विमानाच्या वेषांत दिसूं लागलें. खरें ‘विचक्राफ्ट’ निराळेंच होतें. त्या रंगाखालच्या पत्र्यावर बंगलोरच्या कारागिरांनीं ठोकलेलीं ठिगळें व रिव्हेट कोणते, हें पाहून, मोजून व छायाचित्रें घेऊन नोंदविण्याचें काम कोणी भारतीय अभ्यासकानें हातीं घ्यावें. पालमच्या लिबरेटरपासून सुरुवात करावी. तेथें भारतीय अंक अद्यापि जागेवर आहे.